कप्तान कोणाला करायचे?

मागच्या महिन्यात उसावरच्या हुमणीच्या बैठकीसाठी गडहिंग्लज भागातल्या एका गावी गेलो होतो. पिवळा पडलेला ऊस उपटून अळीने मुळ्या कशा कुरतडल्या आहेत ते दाखवले. पुढच्या वर्षी वळवाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमणारे भुंगेरे साऱ्या गावाने मिळून कसे गोळा करायचे, तेही सांगितले. बैठक संपली, चहा झाला. गाडीला किक मारणार, तोच पाच-सहा पोरे आडवी आली. ठिबकच्या अनुदानाचे विचारणार अशी माझी समजूत झाली. पण सवाल निराळाच निघाला.

“साहेब, आमच्या संघाचा कप्तान कोणाला करायचा, ते तुम्ही सांगा.”

बंधू-भगिनींनो, इतक्या वर्षांच्या नोकरीत मला बियाण्याचे विचारणारे भेटले, पीककर्जाचे विचारणारे भेटले, मुलीच्या स्थळाचे विचारणारेसुद्धा भेटले. फुटबॉलच्या कप्तानाचे विचारणारे हेच पहिले. मी कॉलेजात असताना थोडाफार खेळत असे, ही बातमी त्यांना कोणीतरी पुरवली असावी.

दुसऱ्या जिल्ह्यांतल्या वाचकांना नवल वाटेल की खेडेगावात फुटबॉल कुठून आला. तुमच्याकडे कबड्डी, खो-खो, कुस्ती. पण कोल्हापूर आणि गडहिंग्लजकडे या खेळाचे वेड जुने आहे. कोल्हापुरात तर पेठेपेठेतल्या तालमींचेच संघ आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही नावे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठेतली दुकाने अर्ध्यावर बंद होतात. 2017 साली आपल्या देशात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा. तेव्हा आमच्या भागातल्या पोरांनी कप्तानासाठी रात्र जागवली तर त्यात वावगे काही नाही.

आता भानगड काय होती ते ऐका. जुना कप्तान अग्निवीर होऊन बेळगावला मराठा सेंटरमध्ये गेला. त्याच्या जागी दोन नावे पुढे आली. नावे सांगत नाही, गाव ओळखू येईल. एकाला आपण फॉरवर्ड म्हणू, दुसऱ्याला बॅक. फॉरवर्डच्या पायात जादू आहे. गेल्या हंगामात संघाचे निम्म्याहून जास्त गोल त्याचेच. बॅक दिसायला साधा, पायही तसा जड. पण सकाळी दूध संकलन केंद्रावर माप घालून झाले की मैदानावर फक्की मारायला तोच, चेंडूत हवा भरायला तोच आणि सरावाला न आलेल्याच्या दारात जाऊन हाक मारायलाही तोच.

एवढ्यावरच थांबले असते तर पोरांनी आपसात मिटवले असते. पण फॉरवर्डचे वडील विकास सोसायटीच्या एका पॅनेलचे आणि बॅकचा चुलता दुसऱ्या पॅनेलचा. झाले! कप्तानपद सोसायटीच्या निवडणुकीला जाऊन चिकटले. आठ पोरे इकडे, सात पोरे तिकडे. कोणी म्हणाला हात वर करू, कोणी म्हणाला चिठ्ठ्या टाकू. फॉरवर्ड म्हणाला, मला डावलले तर मी शेजारच्या गावाकडून खेळेन. आणि दिवाळीनंतरचे सामने तोंडावर.

मी म्हटले, “नाव मी सांगणार नाही. सांगितले तर उद्या तुमच्या गावात माझी हुमणीची बैठकसुद्धा होणार नाही.” पोरे हिरमुसली. मग देवळाच्या पारावर बसलो आणि त्यांना जे सांगितले तेच तुम्हाला सांगतो. तुमच्या गावात फुटबॉल नसेल. पण तरुण मंडळ आहे, भजनी मंडळ आहे, बचत गट आहे, आणि घरात म्हातारा झालेला कारभारी आहे.

पहिल्याने कप्तान म्हणजे कोण, ते पाहू. आमच्या बैठकीला आलेल्या एका मावशींनी पारावरच विचारले, “कप्तान झाल्यावर काय मिळतं रे त्याला?” पोरांना उत्तर सुचेना. खेळाच्या नियमांच्या पुस्तकात याचे उत्तर आहे आणि ते मोठे गमतीचे आहे. कप्तानाला कोणताही खास हक्क नाही. मात्र आपल्या संघाच्या वागणुकीची काही जबाबदारी त्याच्यावर आहे. बस्स, एवढेच. दंडाला पट्टी बांधायची, नाणेफेकीला जायचे. ना पगार, ना मान. मावशी म्हणाल्या, “म्हणजे थोरल्या सुनेसारखंच की!” सगळे हसले, पण मला ती उपमा पटली.

हल्ली मात्र एक गोष्ट वाढली आहे. 2024 साली युरोपातल्या देशांची जी स्पर्धा जर्मनीत झाली, तिच्यात दंडक घातला गेला की पंचाकडे जाऊन निकालाबद्दल बोलायचे ते फक्त कप्तानाने. दुसरा कोणी हातवारे करीत पंचाच्या अंगावर धावला तर पिवळे कार्ड. नियम करणाऱ्या मंडळाने पुढे इतर स्पर्धांनाही ही पद्धत घेण्याची मुभा दिली. गोलरक्षक कप्तान असेल तर मैदानातल्या आणखी एकाचे नाव आधी देऊन ठेवावे लागते, कारण गोलीने आपले घर सोडून पंचापर्यंत पळायचे तरी किती? म्हणून गोली कप्तान होऊच नये असे मात्र नाही. इटलीने 1982 साली विश्वचषक जिंकला तेव्हा कप्तान होता गोलरक्षक डिनो झॉफ, वय वर्षे चाळीस. आपल्या गोव्याचा ब्रह्मानंद शंखवळकर हाही गोलरक्षकच, आणि भारताचा कप्तान होता. सांगायचे हे की, आता ज्याचे डोके लवकर तापते त्याला कप्तान केले तर संघाची बाजू मांडणाराच कोणी उरत नाही.

पोरांचा मुख्य प्रश्न होता, सर्वांत चांगला खेळणारा कप्तान का नको? साधा प्रश्न आहे, पण याच प्रश्नापायी जगातला एक फार मोठा संघ मोडला. ती हकिकत हॉलंड देशातली. हॉलंड म्हटल्यावर तुम्हाला दुसरे काही आठवो न आठवो, तुमच्या गोठ्यातली काळी-पांढरी होल्स्टीन गाय आठवेल. तिच्या वंशाचे मूळ त्याच मुलखातले. त्या देशाची राजधानी आम्स्टरडॅम. तिथे आयाक्स नावाचा क्लब आहे.

या आयाक्समध्ये योहान क्रायफ नावाचा खेळाडू होता. वडिलांचे भाजीचे दुकान. पोरगा बारा वर्षांचा असताना वडील गेले. आई आयाक्स क्लबातच झाडलोटीचे काम करू लागली. घर मैदानाच्या जवळच, त्यामुळे पोरगा मैदानावरच वाढला म्हणा ना. असा खेळाडू झाला की त्याच्या काळात युरोपात त्याला तोड नव्हती. आयाक्सने 1971, 1972 आणि 1973 अशी लागोपाठ तीन वर्षे युरोपातल्या विजेत्या क्लबांचा चषक जिंकला. 1972 सालच्या अंतिम सामन्यात इटलीच्या इंटर मिलान संघावर दोन गोल झाले, दोन्ही क्रायफचे.

आता कप्तानकीकडे लक्ष द्या. 1971 साली संघाचा कप्तान होता युगोस्लाव्हियाचा व्हासोविच. तो थांबला, तेव्हा कप्तान झाला पीट कायझर, डाव्या बगलेचा खेळाडू, क्रायफपेक्षा चार वर्षांनी मोठा आणि क्लबातला जुना माणूस. त्यानंतरच्या हंगामात पट्टी क्रायफच्या दंडाला आली. 1973 चा चषक बेलग्रेडला त्याच्याच कप्तानकीखाली आला. म्हणजे तक्रारीला जागा नाही असे तुम्ही म्हणाल. पण घर बाहेरून कसे दिसते आणि चुलीजवळ काय चालले आहे, यात फरक असतो. संघातल्या काहींना वाटू लागले होते की हा आता स्वतःचेच पाहतो, स्वतःच्या पैशाचे, स्वतःच्या नावाचे. क्रायफला वाटत होते की ही जळफळ आहे. दोघांत कोण खरे, ते आज सांगता येणार नाही, आणि माझ्या मते दोन्हींत थोडे थोडे तथ्य असावे. भाऊ-भाऊ वेगळे निघतात तेव्हा तरी एकाचेच खरे कुठे असते?

त्या वर्षी उन्हाळ्यात प्रशिक्षक बदलला. स्टेफान कोवाच गेला आणि जॉर्ज क्नोबेल आला. नव्या हंगामाची तयारी करायला संघ देशाच्या पूर्व सरहद्दीजवळच्या डे लुट्टे या गावी एका हॉटेलात मुक्कामाला होता. तिथे खेळाडूंनी कप्तानासाठी मतदान केले. उमेदवार दोन, क्रायफ आणि कायझर. मते मोजली. कायझर निवडून आला.

आज कागदावर वाचताना यात गैर असे काही दिसत नाही. मतदान झाले, बहुमत झाले, अनुभवी माणूस निवडून आला. पण विचार करा, तीन वर्षे ज्याच्या पायांवर संघ उभा होता, त्याला आपल्याबद्दल सोबत्यांच्या मनात काय आहे हे कळले कधी, तर मते मोजताना. त्याआधी कोणी त्याच्याजवळ बसून “योहान, आमचे असे असे म्हणणे आहे” असे सांगितले असते, तर दोन तास भांडण झाले असते, कदाचित हातघाईसुद्धा झाली असती. पण त्याला तोंड द्यायला माणूस तरी समोर असता. इथे समोर होते नुसते मतांचे आकडे. क्रायफ उठून खोलीवर गेला आणि त्याने सासऱ्याला, कॉर कोस्टरला, फोन लावला. हा सासराच त्याचे सगळे व्यवहार पाहत असे. मला दुसरा क्लब बघा, असे त्याने सांगितले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या मतदानामुळेच तो गेला हे अर्धेच खरे आहे. स्पेनने परदेशी खेळाडूंवरची बंदी नुकतीच उठवली होती आणि बार्सिलोनाचा त्याच्यावर आधीपासून डोळा होता. पण पिकाला ताण बसलेला असतो, तेव्हाच किडीचे फावते; धडधाकट पिकावरही कीड येते, पण ते तग धरते. ऑगस्ट 1973 मध्ये साठ लाख गिल्डरना सौदा झाला. तोवर जगात कोणत्याही खेळाडूसाठी एवढी रक्कम मोजली गेली नव्हती.

पुढे काय झाले? बार्सिलोनाने 1960 नंतर स्पेनचे अजिंक्यपद मिळवले नव्हते, ते त्याच हंगामात मिळवले. फेब्रुवारी 1974 मध्ये माद्रिदला जाऊन रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर पाच-शून्य असे हरवले. त्या सामन्याची आठवण बार्सिलोनाची माणसे आजही काढतात. आणि इकडे आयाक्स? ज्या युरोपीय चषकावर तीन वर्षे नाव कोरले, त्यातून बल्गेरियाच्या सोफियाच्या संघाकडून दुसऱ्याच फेरीत बाहेर. देशातले अजिंक्यपदही रॉटरडॅमच्या फेयेनूर्डकडे गेले. प्रशिक्षक क्नोबेल वर्षभरही टिकला नाही. कायझरने 1974 च्या ऑक्टोबरात खेळणे थांबवले. युरोपचा तो चषक आयाक्सला पुन्हा मिळाला तो 1995 साली. बावीस वर्षे गेली!

या गोष्टीचा शेवट मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. 1974 च्या उन्हाळ्यात पश्चिम जर्मनीत विश्वचषक झाला. हॉलंडचा राष्ट्रीय संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. कप्तान कोण? क्रायफ. आणि त्याच्या हाताखाली खेळत कोण होते? क्रोल, सुरबीर, हान, नीस्केन्स, रेप, म्हणजे आयाक्सचीच पोरे. कायझरही त्या संघात होता, पण त्याच्या वाट्याला एकच सामना आला. म्हणजे ज्यांना वर्षापूर्वी हा माणूस कप्तान म्हणून नको झाला होता, त्याच मंडळींनी त्याच्या शब्दावर असा खेळ केला की आजही जाणकार त्याची चित्रफीत काढून पाहतात. तेव्हा त्यांचे पटत नव्हते, हे कारण पुरत नाही. पटत नसताना बोलायचे कसे, हेच आम्स्टरडॅममध्ये जमले नव्हते.

ही गोष्ट सांगितल्यावर फॉरवर्डच्या बाजूची पोरे लगेच खूष झाली. “म्हणजे साहेब, चांगल्या खेळाडूलाच करायचं!” मी म्हटले, थांबा. इतक्यात माप घालू नका.

ब्राझीलचे पाहा. पेले तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तीन विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत हा माणूस होता, 1958, 1962 आणि 1970. तिन्ही वेळा कप्तान दुसराच! 1958 ला बेलिनी, 1962 ला मावरो, 1970 ला कार्लोस आल्बेर्तो. तिघेही मागच्या फळीतले. कार्लोस आल्बेर्तो तर पेलेपेक्षा वयानेही लहान होता, आणि त्यांच्या सांतोस क्लबातही पेले त्याच्याबरोबरच खेळत असे. 1970 च्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्धचा चौथा गोल या कप्तानाने मारला. चेंडू त्याच्या पायाशी हळूच सारून दिला तो पेलेने. पेलेला पट्टी नसल्याचे दुःख झाले असेल तर ते त्या पासात तरी कुठे दिसत नाही.

मागच्या फळीतले कप्तान इतके का, याचे कारण तुम्ही शेतकरी चटकन ओळखाल. नांगर धरणारा मागे असतो, म्हणून त्याला तास दिसतो. बॅकच्या पुढ्यात सगळे मैदान असते. फॉरवर्डची पाठ आपल्याच माणसांकडे. जुन्या मंडळींना खळ्यावरची मळणी आठवत असेल. तिवड्याजवळ शांत, कसलेला बैल बांधायचा आणि कडेला तरणा. कडेचा जास्त पळतो, पण फेरा सांभाळतो तो तिवड्याजवळचा. आता मळणीयंत्रे आली, नव्या पोरांना हे सांगावे लागते.

पण यालाही अपवाद आहेच. 1986 साली आमच्या गावात एकच टीव्ही होता आणि विश्वचषकाचे सामने बघायला आम्ही रात्री त्या घराच्या सोप्यात जाऊन बसत असू. अर्जेंटिनाचा मॅराडोना तेव्हा पाहिला. त्या संघाला 1978 साली विश्वचषक मिळवून दिला होता तो कप्तान पासारेला, बचावफळीतला खंदा माणूस. 1983 साली बिलार्डो नावाचा प्रशिक्षक आला आणि त्याने पासारेलाकडून पट्टी काढून मॅराडोनाला दिली. सर्वांत चांगल्या खेळाडूलाच कप्तान केले, आणि 1986 ला चषक जिंकला. तेव्हा फॉरवर्डवाल्यांनो, तुमचेही नाणे खोटे नाही. मात्र पासारेला आणि मॅराडोना यांचे त्यानंतर कधी जुळले नाही. पासारेला मेक्सिकोला संघाबरोबर गेला खरा, पण आजारी पडला आणि एकही सामना खेळला नाही. चषक आला म्हणून आपण हे विसरतो.

आपल्या देशातलेही एक उदाहरण देतो, ते मला या सगळ्यांहून जवळचे वाटते. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचा कप्तान होता पी. के. बॅनर्जी. चुनी गोस्वामी त्याच्या हाताखाली खेळला. दोन वर्षांनी जकार्ताला आशियाई खेळ झाले, तिथे कप्तान चुनी, आणि पी. के. त्याच्या हाताखाली. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी. प्रेक्षक आपल्या विरुद्ध, बचावातला जर्नेलसिंग डोक्याला टाके घेऊन पुढच्या फळीत खेळतोय, अशी अवस्था. भारत दोन-एक असा जिंकला. पहिला गोल पी. के. चा, दुसरा जर्नेलचा. माजी कप्तान नव्या कप्तानासाठी गोल मारतो, यापेक्षा आणखी काय हवे? प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मुळात शाळामास्तर. खेळाडूंशी बोलणारा माणूस. पुढच्याच वर्षी ते कर्करोगाने गेले. फुटबॉलमधले आशियाई सुवर्ण भारताला त्यानंतर मिळालेले नाही.

आता माझे स्वतःचे. हे मी पोरांना सांगावे की नाही, असा विचार केला आणि सांगून टाकले.

कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असताना मी संघातला बऱ्यापैकी फॉरवर्ड होतो. कप्तान मीच होणार असे धरून चाललो होतो. घरी पत्रसुद्धा टाकले होते. एके दिवशी मेसमधून हातात पाण्याचा तांब्या घेऊन येत होतो, तर फळ्यावर कागद लावलेला. कप्तान म्हणून माझ्या खोलीतल्या मित्राचे नाव. मी तिथेच उभा राहिलो. त्या मित्राला आदल्या रात्रीच कळले होते. तो रात्रभर माझ्या शेजारच्या खाटेवर होता, पण सांगायची त्याची छाती झाली नाही. मला सांगावे असे सरांनाही वाटले नाही.

मी काय केले? गुडघा दुखतो म्हणून महिनाभर सरावाला गेलो नाही. गुडघा ठणठणीत होता. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत आम्ही पहिल्याच फेरीत गारद झालो. मी बाहेर बाकावर बसून होतो आणि, खोटे कशाला बोलू, हरलो तेव्हा आत कुठेतरी बरे वाटले. त्या बरे वाटण्याची लाज मला आज पन्नाशी उलटल्यावरही वाटते. मित्र उरलेले वर्षभर माझ्याशी जपून बोलायचा. आता तो दुसऱ्या जिल्ह्यात आहे. दिवाळीला फोन येतो. फुटबॉलचा विषय आम्ही दोघेही काढत नाही.

पारावर जरा वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांतल्याच एकाने विचारले, “मग साहेब, करायचं काय?”

मी म्हटले, मतदान करा, चिठ्ठ्या टाका, नाहीतर तुमच्या गुरुजींना ठरवू द्या. माझी कशालाच हरकत नाही. फक्त कोणतीही पद्धत असो, ज्याला पट्टी मिळणार नाही, असे तुम्हाला वाटते, त्याच्याकडे आधी जा. चौघे जा, आणि त्यांत दुसरा उमेदवार असलाच पाहिजे. त्याला तोंडावर सांगा की तुझ्याबद्दल आमचे काय म्हणणे आहे. चांगलेही सांगा, वाईटही सांगा. आणि त्याचे काय म्हणणे आहे ते निम्म्यात न तोडता ऐका. दुसरे, कप्तानकी एका हंगामापुरती ठेवा. जन्मभराचा सातबारा लिहून देऊ नका. तिसरे, पुढच्यासाठी आतापासून कोणाला तरी हाताशी धरा. आपल्या भारताच्या संघाचेच पाहा ना. सुनील छेत्रीने 2024 च्या जूनमध्ये कोलकात्याला कुवेतविरुद्ध शेवटचा सामना खेळून निरोप घेतला. एकोणीस वर्षे खेळला, चौऱ्याण्णव गोल केले. लोक रडले. आणि 2025 च्या मार्चमध्ये त्यालाच परत बोलवावे लागले; वय चाळीस! आल्याबरोबर मालदीवविरुद्ध गोल केला, हे त्याचे मोठेपण. पण थकलेल्या कारभाऱ्याला पुन्हा औताला जुंपावे लागते तेव्हा घरातल्या तरण्या पोरांनी आपल्याकडे जरा पाहायला हवे.

आणि पॅनेलचे? ते मी पोरांना काही बोललो नाही. ते मी तिथे उभ्या असलेल्या दोन वडीलधाऱ्यांना बाजूला घेऊन बोललो. काय बोललो ते इथे छापत नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात पॅनेल आहे त्यांना ते न छापताही कळेल.

तीन आठवड्यांनी हुमणीचा उपचार कुठवर आला ते पाहायला त्याच गावी पुन्हा जाणे झाले. औषधाची आळवणी निम्म्या लोकांनी केली होती, निम्म्यांची अजून व्हायची होती. नेहमीचेच. दूध संकलन केंद्रासमोर बॅक भेटला. दंडाला पट्टी नव्हती, हातात दुधाचे माप होते. पण कप्तान तोच झाला होता. कसे जमले, ते त्याच्याच तोंडून ऐकले.

चौघे जण फॉरवर्डकडे गेले होते, मळ्यात, तो उसाला पाणी पाजत होता तिथे. बॅकने सरळ सांगितले की तू सरावाला निम्मे दिवस येत नाहीस, पोरांना ते लागते. फॉरवर्ड आधी चिडला. म्हणाला, मी आठवड्यातून तीन रात्री पाण्याच्या पाळीवर असतो, हे तुमच्यापैकी कोणी विचारलं का कधी? वीज रात्रीची असते. कोणीच विचारले नव्हते. सरावाची वेळ सकाळची होती, ती त्यांनी तिथेच बांधावर बसून संध्याकाळची केली. मग बऱ्याच वेळाने फॉरवर्ड म्हणाला, बॅक कप्तान झाला तर माझी हरकत नाही. मात्र माझ्या घरी तुम्ही स्वतः येऊन सांगा, पॅनेलवाल्यांच्या तोंडून आमच्या दादांना कळायला नको.

म्हणून त्याच संध्याकाळी सगळे त्याच्या घरी गेले. बॅक त्या घरात तीन वर्षांनी पाय ठेवत होता. आईने चहा टाकला. वडील सोप्यात तंबाखू मळत बसलेले. सगळे ऐकून घेतले, हूं नाही की चूं नाही. चहा पिऊन पोरे उठली, चपला घालू लागली, तेव्हा म्हाताऱ्याने मान वर केली.

“पेनल्टी कोण मारणार रे?”

“तोच की, काका,” बॅक म्हणाला.